ओळंब्याचा कल आणि देहरादूनचे दप्तर

भारतीय सर्वेक्षण खात्याची देहरादून येथील जिऑडेटिक अँड रिसर्च ब्रँच नकाशे काढत नाही. नकाशे ज्या चौकटीवर बसवले जातात ती चौकट ही शाखा सांभाळते. त्रिकोणीकरणाचे मूळ बिंदू, उंचीची तलचिन्हे, बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदी आणि जमिनीवर घेतलेली गुरुत्वमापने हे तिचे दप्तर. शाखेची नावे काळानुसार बदलली, अधिकारी बदलले, उपकरणे तर ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. दप्तर मात्र अखंड चालू राहिले. त्यातल्या गुरुत्वमापनाच्या खतावणीचा हा इतिहास आहे. पृथ्वीचा आपल्या वाट्याला आलेला भाग नेमक्या कोणत्या आकाराचा आहे, हा प्रश्न त्या खतावणीच्या मुळाशी आहे.

वारा, प्रवाह आणि भरती-ओहोटी थांबवून समुद्राचे पाणी स्थिर केले आणि ते जमिनीखालीही पसरू दिले, तर त्याचा जो पृष्ठभाग तयार होईल त्याला जिऑइड म्हणतात. गवंड्याचा ओळंबा या पृष्ठभागाला सर्वत्र काटकोनात असतो. पोटात जड खडक असेल तिथे जिऑइड वर उचलला जातो, हलका असेल तिथे खाली बसतो. सोयीसाठी गणितात वापरतात तो गुळगुळीत लंबगोल आणि हा खराखुरा पृष्ठभाग यांतले जगातले सर्वात मोठे अंतर आपल्याच शेजारी आहे: श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली गेला आहे. त्या खळग्याची छाया भारतभर पसरते. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून उपग्रहांच्या साहाय्याने लंबगोलापासूनची उंची मोजली, तर ती शून्याच्या खाली साठ मीटरांहून अधिक येते. समुद्र पायाशी असूनही!

या कामाची सुरुवात एका फरकातून झाली, आणि तो फरक कागदावरून पुसला गेला नाही यातच संस्थेचे पुढचे सगळे भाग्य दडले होते.

विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषेचे मोजमाप सुरू केले. पृथ्वीच्या एका अंशाची लांबी भारतात किती भरते हे शोधणे हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या हाताखाली काही काळ हेन्री केटर नावाचा तरुण लष्करी अधिकारी होता. मायदेशी परतल्यावर त्याने १८१७ मध्ये गुरुत्वाची तीव्रता मोजणारा उलटसुलट टांगता येणारा लंबक तयार केला. पुढे भारतात फिरलेले लंबक त्याच परंपरेतले, आणि १८२१ मध्ये मद्रासला जॉन गोल्डिंगहॅम यांनी वापरलेला लंबकही केटरच्याच पद्धतीचा. लॅम्बटन उत्तरेकडे सरकत राहिले आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. भारतातल्या शास्त्रीय भूमापनाचा पाया घालणारा माणूस विदर्भाच्या मातीत विसावला आहे, हे आपल्या शाळांतून सांगितले जायला हवे.

जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयाच्या पायथ्याशी नेले. मध्य भारतात सिरोंजजवळचे कल्याणपूर हा त्यांचा मूळ बिंदू आणि मुझफ्फरनगर भागातले कलियाना हे उत्तरेकडचे ठाणे. दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला. त्रिकोणांची साखळी मोजून तो ५ अंश २३ कला ४२.२९ विकला आला. ताऱ्यांचे वेध घेऊन ५ अंश २३ कला ३७.०६ विकला. फरक सुमारे ५.२ विकलांचा, जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा. सहाशे किलोमीटरांच्या अंतरात १६० मीटर म्हणजे एखाद्याने सोडून दिले असते. एव्हरेस्ट यांना तो मोजणीतला दोष वाटला आणि त्यांनी तो साखळीभर वाटून टाकायचे ठरवले. पण मूळ आकडे त्यांनी जसेच्या तसे छापले होते. त्यामुळेच कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना ते नव्याने तपासता आले.

प्रॅट यांचा तर्क सरळ होता. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. ओळंबा कलला की ताऱ्यांवरून काढलेला अक्षांशही चुकतो. त्यांनी डोंगरांचे वस्तुमान अंदाजून दोन ठाण्यांवरच्या ओढीतला फरक काढला, तो १५.८८५ विकला भरला. म्हणजे हिमालयाने जेवढे ओढायला हवे होते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच तो ओढत होता. हा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उत्तर मांडले: डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात, ती डोंगराची ओढ बरीचशी भरून काढतात. प्रॅट यांनी पुढे आपले वेगळे उत्तर दिले, की जिथे जमीन उंच तिथे खालचा खडक विरळ. भूकवचाच्या समतोलाचा हा सिद्धान्त आज जगभरच्या भूशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतो. तो कल्याणपूर आणि कलियानाच्या वेधवह्यांतून निघाला.

ओळंब्याचा कल ओढीची दिशा सांगतो. ओढीची तीव्रता मोजल्याशिवाय प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वॉकर यांच्या कारकिर्दीत लंबकाची मोहीम निघाली. रॉयल सोसायटीने दोन लंबक दिले आणि १८६५ मध्ये कॅप्टन जेम्स पॅलाडिओ बासेव्ही यांनी काम हाती घेतले.

हे काम किती चिकाटीचे होते याची कल्पना आज सहज येत नाही. सेकंदाचा लंबक दिवसात सुमारे ८६,००० झोके घेतो. गुरुत्व थोडे वाढले की झोके किंचित जलद होतात. दिवसात एक झोका जास्त पडला, तर गुरुत्वात जवळपास २३ मिलिगॅलचा फरक पडलेला असतो. मिलिगॅल म्हणजे आपल्या एकूण गुरुत्वाचा सुमारे दशलक्षांश भाग. तेव्हा एका झोक्याचे अंश ओळखायला हवेत. त्यासाठी लंबक घड्याळाच्या झोक्याशी पुन्हा पुन्हा जुळतो ते क्षण टिपायचे, तारे पाहून घड्याळ तपासायचे, तापमान नोंदवायचे, हवेचा अडथळा टाळण्यासाठी लंबक हवा काढलेल्या पात्रात झुलवायचा. एका ठाण्यावर दिवसच्या दिवस जात. हे सगळे सामान बैलगाडीवर, पाठीवर आणि होडीतून वाहून न्यायचे. बासेव्ही दक्षिणेच्या टोकापर्यंत गेले, किनाऱ्यांवर गेले, समुद्राच्या मधोमध असलेल्या मिनिकॉय बेटावर गेले, कारण महासागरावरचे आणि भूमीवरचे गुरुत्व त्यांना शेजारी ठेवून पाहायचे होते.

शेवटी ते लडाखकडे वळले. रुपशूच्या मोरे पठारावर सुमारे ४,७०० मीटर उंचीवर त्यांनी लंबक झुलवला. जगात इतक्या उंचीवर असे मापन तोवर झालेले नव्हते. त्याहून वर आणखी एक ठाणे करण्यासाठी ते निघाले आणि थंडी व अतिश्रमाने १७ जुलै १८७१ रोजी मृत्यू पावले. वय चाळिशीच्या आत. उरलेले काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केले: परतीच्या वाटेवर एडन व इस्माइलिया येथे आणि अखेर लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत लंबक झुलवून त्यांनी मालिका बंद केली. १८७९ मध्ये सर्व निष्कर्ष सर्वेक्षणाच्या अहवालमालेच्या पाचव्या खंडात छापले गेले.

त्या खंडात एक ठळक गोष्ट दिसते. किनाऱ्यावर आणि मिनिकॉयवर गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त, आत भूमीवर कमी, आणि हिमालयात सर्वात कमी. मोरे पठाराखाली हजारो मीटर उंचीचा जो खडक होता त्याची ओढ जणू हिशेबात आलीच नाही. प्रॅट आणि एअरी यांचे कागदावरचे तर्क आता प्रत्यक्ष मापनाने उभे राहिले होते. बासेव्हींच्या कामाचे हे मोल भारतीय विज्ञानाच्या इतिहासात फार कमी वेळा सांगितले गेले आहे.

यानंतरची काही दशके लंबक थांबला आणि उंचीची साखळी वाढली. नऊ बंदरांवरील सरासरी समुद्रसपाटी शून्य मानून देशभरचे लेव्हलिंग १९०९ मध्ये एकत्र जुळवले गेले. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातील फॉल्स पॉइंट ही ती बंदरे. मुंबईचे ठाणे अपोलो बंदरावरचे, १८७८ पासूनच्या नोंदींचे. आपल्या गावच्या स्टेशनवर पिवळ्या फलकावर लिहिलेली उंची या जाळ्यातून आलेली आहे. यात एक उणीव राहिली. लेव्हलिंगमध्ये गुरुत्वाची जी दुरुस्ती करावी लागते ती प्रत्यक्ष मोजलेल्या गुरुत्वाने न करता सूत्रातल्या सर्वसाधारण गुरुत्वाने केली गेली. मैदानात त्याने फारसे बिघडत नाही, हिमालयात बिघडते. त्या काळी पुरेशी ठाणीच नव्हती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

बासेव्हींच्या डोंगरी ठाण्यांवरील काही आकड्यांबद्दल पुढे शंका निघाली. लंबकाचा आधारच झोक्यांबरोबर थोडा हलत असावा असे वाटू लागले. म्हणून लेनॉक्स-कनिंगहॅम यांनी १९०३ पासून फॉन स्टर्नेक पद्धतीचे अर्ध्या सेकंदाचे छोटे लंबक घेऊन मोजणी पुन्हा सुरू केली. क्यू येथील मापनाशी जोड घालून देहरादूनचे गुरुत्व ९७९.०६३ गॅल ठरले आणि भारतातल्या प्रत्येक मापनाचा तो आधार बनला. १९७१ मध्ये गुरुत्वमापनाचे नवे जागतिक जाळे आले तेव्हा कळले की सगळ्या जगाने ज्यावर विसंबून आकडे जुळवले ते पॉट्सडॅमचे मूळ मूल्यच सुमारे १४ मिलिगॅलने जास्त होते. दोष जर्मनीतला, पण देहरादूनच्या प्रत्येक जुन्या वहीला तो लागू झाला. वह्या नीट जपलेल्या होत्या म्हणून दुरुस्ती करता आली.

सिडनी बरार्ड, पुढे भारताचे महासर्वेक्षक झालेले, यांनी ओळंब्याचे कल देशभर एकत्र मांडले. गंगेच्या मैदानात ओळंबा हिमालयाकडे न झुकता दक्षिणेकडे झुकतो हे पाहून त्यांनी मध्य भारतात जमिनीखाली जड खडकाची एक पूर्व-पश्चिम लपलेली रांग असावी असे मांडले. त्यावर भूगर्भशास्त्रज्ञांनी वाद घातला. गंगेच्या मैदानाखाली हलक्या गाळाची खोल द्रोणी आहे हा ओल्डहॅम यांचा मुद्दाही पुढे आला. वाद महत्त्वाचा होताच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती देहरादूनच्या लोकांनी धरलेली पुढची वाट. जमिनीखाली काय आहे हे ठरेपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी जिऑइडचाच नकाशा काढायला घेतला. ओळंब्याच्या कलावरून उंचसखल रेषा ओढून तयार केलेले भारताचे जिऑइड-आलेख दोन महायुद्धांच्या दरम्यान येथून प्रसिद्ध होत राहिले. कल्याणपूरला जिऑइड आणि एव्हरेस्ट यांचा लंबगोल एकमेकांना टेकलेले मानायचे आणि तिथून चारी दिशांना चढउतार मोजायचे, अशी रीत होती. जेम्स डी ग्राफ-हंटर हे या कामाचे गणिती. गुरुत्वमापनांवरून पृथ्वीचा आकार कितपत अचूक काढता येईल यावर १९३५ साली त्यांनी केलेला अभ्यास आजही जुना वाटत नाही. याच खात्यात घडलेल्या गाय बॉमफर्ड यांचे १९५२ मधील पुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या जगभर पाठ्यग्रंथ म्हणून चालले.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा कस एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचा लागला. जुनी २९,००२ फूट ही उंची दूरच्या मैदानांतून काढलेली. बरार्ड यांनी नंतर प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नव्याने विचार करून २९,१४१ फूट सुचवली होती. उंची कशापासून मोजायची हा प्रश्न मात्र तसाच होता. शिखराखाली समुद्रसपाटी, म्हणजे जिऑइड, नेमका कुठे आहे? देहरादूनचे बी. एल. गुलाटी यांनी १९५२ ते १९५४ दरम्यान नेपाळातून जवळून घेतलेले वेध वापरले, त्या भागातील ओळंब्याचे कल मोजून घेतले, जिऑइड शिखराखालपर्यंत नेला आणि २९,०२८ फूट म्हणजे ८,८४८ मीटर ही उंची जाहीर केली. नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये आधुनिक साधनांनी ८,८४८.८६ मीटर काढले. गुलाटींच्या गणितात आणि त्यात एक मीटरसुद्धा फरक नाही. देहरादूनच्या कामाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मी दुसरे देऊ शकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला लंबकाची जागा स्प्रिंगच्या ग्रॅव्हिमीटरने घेतली. जिथे दिवस लागत तिथे मिनिटे पुरू लागली. वॉर्डन, लाकोस्ट-रॉम्बर्ग अशी उपकरणे मिलिगॅलच्या शंभराव्या भागापर्यंत फरक दाखवतात. मात्र स्प्रिंग हळूहळू सरकते. म्हणून सकाळी आधारठाण्यावर वाचन घ्यायचे, दिवसभर बिंदू करायचे आणि पुन्हा त्याच ठाण्यावर येऊन लूप बंद करायचा, हा शिरस्ता. दुसरी अट उंचीची. तीन मीटर वर गेले की गुरुत्व जवळपास एक मिलिगॅलने घटते, म्हणून बिंदूची उंची पक्की नसेल तर महागडे उपकरणही निरुपयोगी. सर्वेक्षण खात्याने आपले गुरुत्वबिंदू लेव्हलिंगच्या तलचिन्हांवर घेतले याचे कारण हेच. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिने १९७०च्या दशकात देशाचे गुरुत्वनकाशे काढले. २००६ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि हैदराबादची संस्था यांनी इतर संस्थांच्या मोजण्यांसह नवी नकाशामाला प्रसिद्ध केली.

महाराष्ट्राचे काळ्या कातळाचे पठार या नकाशांत फार बोलके आहे. कुर्डुवाडीच्या परिसरात गुरुत्व कमी भरते, त्यावरून बसाल्टखाली गाडली गेलेली खचदरी असावी आणि ती किल्लारीच्या दिशेने जाते असे मानले गेले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेतले, तेव्हा ३३८ मीटरला बसाल्ट संपला, मग जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर आणि खाली थेट प्राचीन पट्टिताश्म. जाड गाळ भरलेली खचदरी तिथे नव्हती. गुरुत्वावरून खडक ओळखताना हा धोका नेहमीच असतो: एकच आकडा वेगवेगळ्या रचनांतून येऊ शकतो. जिऑइड काढणाऱ्याचे काम या बाबतीत अधिक भक्कम पायावर उभे आहे. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्येच दाखवले की पृष्ठभागावरचे गुरुत्व सर्वत्र माहीत असेल, तर खाली कोणता खडक आहे हे न कळताही पृथ्वीचा आकार काढता येतो.

‘सर्वत्र’ हीच अडचण. सारी पृथ्वी कुणी जमिनीवरून मोजलेली नाही. म्हणून प्रादेशिक जिऑइड करताना आता काम वाटून घेतले जाते. शेकडो किलोमीटर रुंदीचे मोठे चढउतार ग्रेस आणि गोचे या उपग्रहांच्या मोजणीवरून घ्यायचे. डोंगरदऱ्यांचा बारीक परिणाम उंचीच्या अंकीय प्रतिमानावरून काढायचा. आणि मधला भाग, जो उपग्रहाला इतक्या उंचीवरून दिसत नाही, तो जमिनीवरच्या मापनांतून भरायचा. दहा किलोमीटर त्रिज्येच्या परिसरात सगळे आकडे एका मिलिगॅलने चुकले तर मध्यभागी जिऑइड सुमारे एक सेंटिमीटरने चुकतो. शंभर किलोमीटरच्या परिसरात दहा सेंटिमीटरने. सह्याद्रीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. डोंगराचा परिणाम काढताना जगभर खडकाची घनता २.६७ धरतात, पण आपला बसाल्ट २.९ च्या आसपास जातो. इथला आकडा इथलाच धरायला हवा. शिवाय बिंदू रस्त्यांच्या कडेने दाट आणि घाटमाथ्यांवर, जंगलांत विरळ आहेत. तिथे चालत जाऊन मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

ही सगळी धडपड आज कशासाठी, असे विचारणाऱ्यांना उत्तर सोपे आहे. खात्याने देशभर हजाराच्या घरात कायमस्वरूपी उपग्रह-संदर्भ ठाणी उभारली आहेत. शेताच्या बांधापासून धरणाच्या भिंतीपर्यंत कुठेही काही क्षणांत सेंटिमीटरच्या अचूकतेने स्थान मिळते. पण ती उंची लंबगोलापासूनची असते. पाणी लंबगोल पाहून वाहत नाही. कालव्याचा उतार, पूररेषा, गावठाणाचा निचरा यांना जिऑइडपासूनची उंची लागते. राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण, २०२२ मध्ये मैदानी प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेच्या उंचीप्रतिमानाचे लक्ष्य ठेवले आहे. तेवढ्याच तोलाचा जिऑइड हाताशी नसेल तर ती उंची पाण्याच्या कामाला पुरी पडणार नाही.

या वाटेत गुप्ततेनेही फार काळ अडवले. गुरुत्वाचे आकडे क्षेपणास्त्रांच्या मार्गाशी जोडलेले असल्याने ते बंदिस्त राहिले आणि देशातल्याच अभ्यासकांना परदेशी जागतिक प्रतिमानांवर भागवावे लागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी गुरुत्वविचलनासाठी एक मिलिगॅलची मर्यादा घातली. त्याहून सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांना तयार करता येते, पण ती देशातच ठेवावी लागते. हे पाऊल योग्य आहे. आता देहरादून, हैदराबाद, तेल कंपन्या आणि विद्यापीठे यांच्याकडचे सर्व बिंदू एका तपासलेल्या संचात येणे ही पुढची पायरी, आणि ती लवकर पडायला हवी.

शेवटी वाचकांना एक विनंती. लंबक वाहणारे हमाल, रात्ररात्र कंदील धरणारे खलाशी, वेधवह्या भरणारे गणक यांची नावे अहवालांत क्वचितच छापली गेली. त्यांच्या कष्टाची खूण म्हणून जमिनीवर उरली आहेत ती तलचिन्हे: दगडात कोरलेला लहान चौकोन आणि शेजारी ‘जी.टी.एस. बी.एम.’ ही इंग्रजी अक्षरे. जुनी रेल्वे स्थानके, पुलांचे कठडे, देवळांची जोती, धर्मशाळांच्या पायऱ्या येथे ती अजून सापडतात. रस्ते रुंद होताना त्यांतली कितीतरी नाहीशी झाली. जिथे लंबगोलाची आणि समुद्रसपाटीची अशा दोन्ही उंच्या मोजता येतात, तिथेच गुरुत्वावरून काढलेला जिऑइड पडताळता येतो, आणि तशा जागा म्हणजे ही चिन्हे. आपल्या गावात असा दगड असेल तर त्याचे छायाचित्र आणि ठिकाण सर्वेक्षण खात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवा, आणि बांधकामात तो हलवला जाणार असेल तर काम सुरू होण्याआधी कळवा.